फाटकाबाहेरचे हसू

कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचा, तेलंगणाच्या सीमेला भिडलेला तालुका. १९५६ पर्यंत हा मुलूख राजुरा तालुक्याचा भाग म्हणून हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. राज्यपुनर्रचनेत तो प्रथम नांदेडला जोडण्यात आला आणि १९५९ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. वर कापसाची काळी जमीन आणि खाली चुनखडीचा दगड, अशी येथील भूमीची रचना. या दगडामुळे १९८० च्या दशकापासून येथे सिमेंटचे कारखाने उभे राहू लागले. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा ही एकेकाळची शेतकऱ्यांची गावे आता सिमेंटच्या व्यापारात नावाने ओळखली जातात.

कारखान्यांबरोबर वसाहती येतात. औद्योगिक वसाहत म्हटली की तिला भिंत असते, भिंतीला फाटक असते, फाटकाशी पहारेकरी असतो आणि आत शाळा, दवाखाना, हिरवळ व अधिकाऱ्यांचा क्लब असतो. देशातील कोणत्याही पोलादनगरीत वा कोळशाच्या पट्ट्यात सहसा हेच चित्र दिसते. भिंतीच्या आत बदलीवर आलेले, हिंदी-इंग्रजीत व्यवहार करणारे जग असते. कोरपना भागात भिंतीबाहेरचे जग वऱ्हाडी वळणाची मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलते. फाटकातून ये-जा दोन्ही बाजूंनी चालू असते. परंतु बाहेरचा माणूस आत जातो तो बहुधा कामासाठी. पाहुणा म्हणून जाण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो.

अशा फाटकावर एखादा गावरान माणूस पाहुणा म्हणून येऊन उभा राहिला तर काय होईल, या एवढ्याशा प्रश्नावर जगातील कितीतरी विनोदी चित्रपट उभे आहेत. त्याने चमच्याने खावयाचे ते हाताने खाल्ले, जेथे कुजबुजावयाचे तेथे तो मोठ्याने हसला, हिरवळीवर चप्पल घालून फिरला, की प्रेक्षागृहात हशा उसळतो. हे हास्य धसमुसळे असते, क्वचित ग्राम्यही असते. परंतु त्यामागे एक न्यायबुद्धी असते, हे नाकारता येणार नाही. ज्यांनी आयुष्यभर फाटकाबाहेर ताटकळत राहावे, त्यांना पडद्यावर का होईना, आतल्या मंडळींची फजिती पाहावयास मिळते. प्रश्न आहे तो एवढाच, की या हास्याने फाटक किती उघडते.

काठ्यांची पिशवी वाहणारी मुले

या प्रकारातील एक गाजलेला अमेरिकन चित्रपट म्हणजे १९८० साली प्रदर्शित झालेला ‘कॅडीशॅक’. हॅरॉल्ड रेमिस या दिग्दर्शकाचा तो पहिलाच चित्रपट. गोल्फ खेळणाऱ्या धनिकांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर वाहून नेणाऱ्या पोराला ‘कॅडी’ म्हणतात. चित्रपटाच्या तीन लेखकांपैकी ब्रायन डॉयल-मरे यांनी शिकागोजवळच्या एका क्लबात लहानपणी हे काम केले होते. त्यांचे धाकटे बंधू बिल मरे हे या चित्रपटातील एक प्रमुख नट. त्यांनीही ते केले होते. आयरिश कॅथलिक कुटुंबातली, भावंडांच्या गर्दीत वाढलेली ही मुले. क्लबातील बड्या लोकांचे बोलणे-वागणे त्यांनी पिशवीच्या ओझ्याखालून पाहिले होते.

कथानक साधे आहे. डॅनी नावाच्या कॅडीला महाविद्यालयात जावयाचे आहे आणि खिशात पैसे नाहीत. क्लबाकडून कॅडी मुलांसाठी एक शिष्यवृत्ती मिळते; ती ज्यांच्या हाती आहे ते गृहस्थ न्यायाधीश असून क्लबाचे सर्वेसर्वा आहेत. त्यांची मर्जी सांभाळण्यात डॅनीचा कणा वाकत चालला आहे. इतक्यात एक नवश्रीमंत इमारत-व्यावसायिक क्लबात येऊन धडकतो. भडक कपडे, मोठा आवाज, तोंडाला येईल ते बोलणे, आणि पैसा मात्र क्लबातील कोणाहीपेक्षा कमी नाही. न्यायाधीशांच्या प्रतिष्ठेची तो जी दैना करतो, तिच्यावर चित्रपटाचा निम्मा हशा उभा आहे. क्लबाच्या पोहण्याच्या तलावात कॅडी मुलांना उतरण्याची मुभा आहे. पण कधी, तर वर्षातून एकदा, तीही पंधरा मिनिटे. त्या पंधरा मिनिटांत मुले तलावात जो धुमाकूळ घालतात, तो पाहताना हसता हसता मनाला काहीतरी टोचते. पंधरा मिनिटांचा हिशेब ज्याने लिहून ठेवला, त्या माणसाची औदार्याची कल्पना त्या एका प्रसंगात उघडी पडते.

या चित्रपटाच्या निर्मितीची हकिगत मात्र चित्रपटापेक्षाही बोलकी आहे. मूळ लेखनात केंद्रस्थानी कॅडी मुले होती. चित्रीकरण सुरू झाल्यावर रॉडनी डेंजरफील्ड, चेव्ही चेस, बिल मरे या नामांकित विनोदी नटांनी ऐनवेळी सुचलेल्या संवादांनी आणि करामतींनी एकेक प्रसंग काबीज केला. संकलनाच्या मेजावर मुलांची कथा आक्रसत गेली. बाहेरच्यांच्या बाजूने बोलण्यास निघालेल्या चित्रपटातही बाहेरची मुले कडेला गेली आणि मध्यभागी राहिला तो जुना पैसा व नवा पैसा यांचा झगडा. न्यायाधीशाला नामोहरम करणारा माणूस हा गरीब नाही. क्लब विकत घेण्याची भाषा करण्याइतका तो सधन आहे. अशा माणसाच्या हातून झालेली फजिती पाहून गरिबाचा सूड पुरा झाला असे प्रेक्षकाला वाटते. या प्रकारच्या विनोदाची मर्यादा येथेच दिसते.

याच्या उलट चार्ली चॅप्लिनचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९२१ सालच्या ‘द आयडल क्लास’ या लघुपटात त्याचा फाटका भटक्या धनिकांच्या गोल्फच्या मैदानावर आणि मेजवानीत जाऊन पोहोचतो. त्याच्या खिशात शेवटपर्यंत काही येत नाही. तरीही प्रेक्षकांची सारी सहानुभूती तो घेऊन जातो, कारण चॅप्लिनने हास्याची दिशा एका क्षणासाठीही चुकू दिली नाही.

मराठी मातीतला आगंतुक

भारतीय परंपरेला हा विषय नवा नाही. संस्कृत नाटकातील विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो आणि राजाच्या संस्कृत डौलाला आपल्या बोलीने टाचणी लावतो. ‘मृच्छकटिका’तील शकार हा तर शिष्टपणाच्या विडंबनाचा अर्कच आहे. राजाचा मेहुणा यापलीकडे ज्याचे कर्तृत्व नाही, तो पुराणातले चुकीचे दाखले देत विद्वत्तेचा आव आणतो आणि हसे करून घेतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठीत आणले तेव्हा मराठी प्रेक्षकाला शकार ओळखीचाच वाटला असणार. तमाशातील सोंगाड्याने हीच परंपरा गावच्या पारावर चालवली. राजाच्या दरबारात जाऊन त्याच्याच तोंडावर त्याची उणी काढण्याचा परवाना सोंगाड्याला असतो; अट एकच, की त्याने वेडे दिसले पाहिजे.

या परवान्याचा पडद्यावर सर्वांत मोठा वापर दादा कोंडके यांनी केला. मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा माणूस सेवादलाच्या कलापथकातून पुढे आला, वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने घरोघर पोहोचला आणि भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून १९६९ साली चित्रपटात आला. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ने मराठी चित्रपटाचा सारा हिशेबच बदलला. ढगळ अर्धी विजार, तिची लोंबती नाडी, भाबडा चेहरा आणि जिभेवर दुधारी शब्द, असा त्यांचा अवतार होता. १९७२ च्या ‘एकटा जीव सदाशिव’मध्ये तर प्रस्तुत विषयच कथानक होऊन आला आहे. श्रीमंत आईबापांचा मुलगा खेड्यात वाढतो आणि मोठेपणी शहरातील बंगल्यात आणला जातो. तेथील शिष्टाचारांत तो बसत नाही. आणि तो न बसल्यामुळे त्या शिष्टाचारांचा पोकळपणा प्रेक्षकाला दिसू लागतो. पुढे हीच कथा २००० साली ‘जिस देश में गंगा रहता है’ या नावाने हिंदीत गेली.

दादा कोंडके यांना पडद्याबाहेरही एका फाटकाशी झगडावे लागले. ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात लागावयाचा होता. ऐनवेळी तेथे देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ हा हिंदी चित्रपट लावण्याचे ठरले. मराठी मुंबईच्या मध्यावर मराठी चित्रपटाला जागा नाही, अशी ती स्थिती होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसेनेने हस्तक्षेप केल्यावर चित्रपट लागला आणि नंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. ओळीने नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाचा त्यांचा विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला.

परंतु येथे एक अवघड गोष्ट नमूद केली पाहिजे. दादा कोंडके यांना खरा विरोध झाला तो केवळ चित्रपटगृहाच्या मालकांकडून नव्हे. पांढरपेशा मराठी मध्यमवर्गाने त्यांच्या चित्रपटांना चावट आणि हीन अभिरुचीचे ठरवून आपल्या दिवाणखान्याबाहेर ठेवले. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. द्व्यर्थी संवादांचा भार बहुतेक वेळा पडद्यावरील स्त्रीला सोसावा लागला आणि धनिकांवर उगारलेली काठी अनेकदा तिच्यावरच पडली. फाटकाबाहेरच्या पुरुषाच्या बाजूने उभा राहिलेला हा विनोद फाटकाबाहेरच्या स्त्रीच्या बाजूने उभा राहिला नाही. तरीही अभिरुचीची तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांना खुपली ती चावट वाक्ये कमी आणि लोंबती नाडी अधिक, असे म्हटले तर वावगे ठरू नये. चावटपणा संस्कृत प्रहसनांतही भरपूर होता. तो धोतर नेसून आला म्हणून खपला.

विनोदाने न सांगितलेली गोष्ट

क्लबाच्या फाटकावरील खरी माणसे पाहिली की विनोदाचा विसर पडतो. मुंबईतील जुन्या इंग्रजी क्लबांत भारतीयांना सभासद म्हणून प्रवेश नव्हता. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ साली युरोपीय आणि भारतीय या दोघांनाही खुला असा क्लब मुंबईत काढला, तो या भिंतीला पडलेला पहिला मोठा तडा मानला जातो. त्याच विलिंग्डन क्लबात १९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना प्रवेश नाकारण्यात आला, कारण ते अनवाणी होते. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाने अनवाणी चालावे यात मराठी मनाला नवल वाटण्याचे कारण नाही. पण क्लबाच्या नियमांत वारी बसत नव्हती. भेदभाव मोडण्यासाठी उघडलेले दार सत्तर वर्षांत स्वतःच पहारा करू लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२०१४ साली चेन्नईत असेच घडले. मद्रास उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश धोतर नेसून एका समारंभासाठी क्रिकेट संघटनेच्या क्लबात गेले आणि त्यांना दारातून परत पाठवण्यात आले. एवढा गदारोळ झाला की तामिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी पारंपरिक पोशाखावरून प्रवेश नाकारण्यास बंदी करणारा कायदा केला. अमेरिकन चित्रपटात न्यायाधीश हा क्लबाचा दारवान होता. येथे न्यायाधीशच दाराबाहेर उभा राहिला. ज्याच्या अंगी न्यायालयाचा अधिकार होता त्याच्यासाठी कायदा झाला, हे बरेच झाले. परंतु त्याच पोशाखात रोज अशा दारांवरून परतणाऱ्या सामान्य माणसासाठी कोणत्या विधानसभेने घाई केली असती, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या सगळ्यांहून बोलके उदाहरण पळवणकर बाळू यांचे आहे. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीयांच्या क्रिकेट क्लबात मैदान राखण्याच्या नोकरीवर होते. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळी बांधणे ही त्यांची कामे. साहेबांना सराव हवा म्हणून ते गोलंदाजी करू लागले आणि त्यांचा डावखुरा फिरकी चेंडू साहेबांना कळेनासा झाला. जे. जी. ग्रेग हा त्या काळातील नावाजलेला फलंदाज. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देऊ, असे त्याने बाळूंना सांगितल्याची आख्यायिका आहे. शेकडो तास गोलंदाजी केलेल्या या माणसाच्या हाती त्या क्लबाने कधी बॅट दिली नाही. ‘कॅडीशॅक’मधील मुलांना पंधरा मिनिटे तरी तलाव मिळाला होता.

ही झाली इंग्रजांची गोष्ट. ती सांगताना मराठी वाचकाला राग येतो आणि तो रास्त आहे. पण गोष्टीचा पुढचा भाग अधिक अवघड आहे. इंग्रजांच्या क्लबात ज्यांना प्रवेश नव्हता, त्या पुण्याच्या हिंदूंनी आपला स्वतःचा क्लब काढला होता. साहेबांना हरवावयाचे तर बाळू हवेत, हे उघड होते. तरीही त्यांना घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर सर्व खेळाडू एकाच चेंडूला हात लावीत होते. चहाची वेळ झाली की इतरांना आत कपबशीतून चहा मिळे आणि बाळूंना तो बाहेर, वापरून टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही वेगळे. पुढे १९११ साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही बऱ्याच झगड्यानंतर.

एकाच शहरात दोन फाटके होती. पहिल्या फाटकाबाहेर जे उभे होते, तेच दुसऱ्या फाटकावर पहारा करीत होते. ‘बाहेरचे विरुद्ध आतले’ या विनोदी चित्रपटांना जे कधी साधले नाही ते या एका चहाच्या भांड्यात दिसते. चित्रपट पाहताना प्रत्येक प्रेक्षक स्वतःला बाहेरचा समजतो आणि हसून मोकळा होतो. न्यायाधीशाच्या खुर्चीत आपणही कोठेतरी बसलेलो आहोत, याची आठवण त्याला हा विनोद करून देत नाही.

मधल्या पायरीवरची माणसे

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हे तीन वर्ग समाजाच्या अशा पायरीवर उभे असतात की त्यांना दोन्ही फाटकांचा अनुभव येतो. वरच्या फाटकावर त्यांचा अपमान होतो आणि खालच्या फाटकावर त्यांच्या हातून तो घडू शकतो. तहसील कचेरीतील कारकुनाला जिल्ह्याच्या साहेबाने इंग्रजीत विचारलेला प्रश्न झोंबतो. त्याच दिवशी दुपारी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी जिवतीच्या डोंगरावरून चालत आलेला कोलाम म्हातारा त्याच्या खिडकीशी उभा असतो. म्हाताऱ्याचे मराठी तुटके असते. त्याने अर्जात मांडलेला मजकूर शेजारच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवावा आणि दोघांनी हसावे, एवढ्यानेच ती खिडकी क्लबाचे फाटक होते. भिंत लागत नाही, पहारेकरी लागत नाही.

शाळेत हे अधिक नाजूक रीतीने घडते. कोरपना, जिवती, राजुरा या भागांतील मूल घरी गोंडी, कोलामी किंवा तेलुगू बोलते. नाहीतर वऱ्हाडी वळणाची मराठी बोलते. ‘का’ विचारावयाचे तेथे ते ‘काहून’ विचारते, ‘राहिला’ऐवजी ‘रायला’ म्हणते. पुस्तकाची भाषा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे आणि ते त्याने कसोशीने करावे. परंतु ‘काहून’ची दुरुस्ती करताना वर्ग हसला आणि शिक्षकही त्या हसण्यात सामील झाला, तर त्या मुलाला त्या दिवशी व्याकरणाहून वेगळाच धडा मिळतो. आपले घर हसण्याचा विषय आहे, हे त्याला कळते. पुढे तो नागपूर-पुण्याच्या वसतिगृहात जातो तेव्हा बोलण्यापूर्वी वाक्य मनातल्या मनात तपासून घेतो आणि ते तपासून होईपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेलेली असते. अशी कित्येक बुद्धिमान मुले मुलाखतीच्या खोल्यांतून गप्प बसून परत आली आहेत.

विदर्भाच्या बोलीला हसणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्या ‘लीळाचरित्रा’चा गौरव होतो, तो तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला सिद्ध झाला. मराठी भाषेच्या विद्यापीठासाठी शासनाने त्याच रिद्धपूरची निवड केली. ज्या भूमीच्या बोलीत मराठी गद्याने पहिले पाऊल टाकले, त्या भूमीतला माणूस मुंबईच्या रंगमंचावर आणि पुढे दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे गडी, पोलीस नाहीतर बावळट पाहुणा एवढ्याच भूमिकांतून आला. अलीकडे हे चित्र काहीसे पालटले आहे. २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोलीला जे प्रेम मिळवून दिले, ते मोठेच आहे. त्यांच्या वऱ्हाडीत बावळटपणा नव्हता, खट्याळ शहाणपण होते. म्हणून पुण्या-मुंबईचे प्रेक्षकही त्यांच्याबरोबर हसले.

हसण्याची दिशा

त्याहून मोठे उदाहरण वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून होणाऱ्या झाडीपट्टीत धानाची कापणी उरकली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, अशी गावोगावची रीत. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि प्रयोग संपतो तेव्हा उजाडू लागलेले असते. गावकरी तिकीट काढून, अंगावर घोंगडी घेऊन, कुटुंबासह रात्रभर बसतात. या नाटकांत विनोदी नटाचा मान मोठा असतो. नागर समीक्षेने या रंगभूमीला फार काळ भडक आणि बटबटीत म्हणून दूर ठेवले. तिच्यावाचून झाडीपट्टीचे काही अडले नाही. २०२३ साली या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीने या मंडपाची दखल घेतली.

झाडीपट्टीचा अर्थ क्लबाच्या विनोदापेक्षा खोल आहे. क्लबात शिरलेला आगंतुक कितीही धुमाकूळ घालो, मैदान दुसऱ्याचेच असते. त्याला हसणाऱ्यांच्या नियमांत राहून जिंकावे लागते. झाडीपट्टीत मंडप गावाचा, बोली गावाची, पैसा गावाचा आणि हसणारेही गावचेच. तेथे ‘काहून’ म्हणणारा नट विचित्र ठरत नाही. छापील मराठी बोलणाराच तेथे पाहुणा असतो. ज्या समाजाला स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या भाषेत हसता येते, त्याला दुसऱ्याच्या फाटकावर लाचार व्हावे लागत नाही.

म्हणून कोरपन्यासारख्या भागात फाटकाचा प्रश्न केवळ वसाहतीच्या भिंतीपुरता पाहून चालणार नाही. कारखान्यांनी या भागाला रस्ते, नोकऱ्या आणि बाजार दिला, हे खरे. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनींखालचा दगड सिमेंट होऊन देशभर गेला, त्यांच्या मुलांना त्या उद्योगात कोणत्या दर्जाचे काम मिळते, ती मुले अभियंता म्हणून आत जातात की ठेक्यावरचे मजूर म्हणून, यावर या भागाचे भवितव्य ठरेल. तो हिशेब नोकरभरतीच्या नियमांचा, तंत्रशिक्षणाचा आणि शासनाच्या इच्छाशक्तीचा आहे. विनोदी चित्रपट तो सोडवू शकत नाही. डॅनीलाही शेवटी विनोद कामी आला नाही. शिक्षणाचा खर्च कोण देणार, हाच त्याचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता.

पण त्या मोठ्या हिशेबाची वाट पाहत असताना लहान फाटके उघडण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. वर्गात एखादे मूल घरच्या शब्दात उत्तर देते तेव्हा शिक्षकाने प्रथम उत्तर बरोबर आहे की नाही ते पाहावे आणि मग शब्दाकडे वळावे. ‘काहून’ फळ्यावर लिहावा, शेजारी ‘का’ लिहावा आणि दोन्ही आपले आहेत असे सांगावे. खिडकीवरच्या माणसाचा अर्ज त्याला समजेल अशा बोलीत वाचून दाखवावा. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाच्या उच्चाराची नक्कल करण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या दिवसाची आठवण करावी. यासाठी शासकीय परिपत्रक निघावे लागत नाही आणि अंदाजपत्रकात तरतूदही लागत नाही.

पडद्यावरच्या शिष्टांची फजिती पाहून खुशाल हसावे. त्या हास्याने मन हलके होते आणि सत्तेचा दरारा थोडा उतरतो. तेवढे तरी श्रेय सोंगाड्याला दिलेच पाहिजे. चित्रपट सुटल्यावर मात्र पुण्यातील ते मातीचे भांडे आठवावे. ज्यांनी ते बाहेर ठेवले, ते स्वतः साहेबांच्या दारातून परतलेले होते.